युद्धोत्तर काळातील 'डिस्पोजल'च्या मालमोटारी आणि कुलाबा किनारा : सरहद्द, कागद व खाडी (१९४५–१९५४)

प्रस्तावना

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा हिंदुस्थानात फौजेबरोबर फौजेची वाहनेही फार मोठ्या संख्येने उरली होती. लष्कराच्या गरजेपेक्षा अधिक ठरलेली ही वाहने लिलावाने व निविदांनी नागरी व्यवहारात आली. मराठी बोलण्यात 'डिस्पोजलचा माल' आणि 'डिस्पोजलची गाडी' हे शब्दप्रयोग याच काळात रूढ झाले. या वाहनांच्या यांत्रिक गुणदोषांविषयी बरेच लिहिले गेले आहे. मात्र आगारातून विकत घेतलेली अशी मालमोटार खरेदीदाराच्या गावापर्यंत नेताना तिला किती प्रकारच्या सीमा ओलांडाव्या लागत, हा प्रश्न प्रादेशिक इतिहासलेखनात सहसा विचारला जात नाही.

तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या किनाऱ्यासंदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. या किनाऱ्यावर १९४८ पर्यंत मुंबई प्रांताचा मुलूख आणि संस्थानी मुलूख एकमेकांना लागून होते. शिवाय खाड्यांनी हा किनारा ठिकठिकाणी तोडला होता. जंजिरा संस्थान विलीन झाले आणि हा प्रदेश उर्वरित महाराष्ट्राशी जोडला गेला, असे स्थानिक इतिहासात साधारणपणे मांडले जाते. एका मालमोटारीच्या वाटेवरून पाहिल्यास हे विधान कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

विवेचनासाठी राजकीय सरहद्द, कायद्याने निर्माण केलेली कागदाची सरहद्द आणि खाड्यांची नैसर्गिक सरहद्द असे सीमांचे तीन प्रकार मानले आहेत. मोटार वाहन कायद्यातील तरतुदी, संस्थानांच्या विलीनीकरणाचा क्रम आणि जिल्ह्याचा वाहतूक-भूगोल यांची सांगड घालून ही मांडणी केली आहे.

अतिरिक्त मालमोटारींचा उगम

युद्धारंभी सुमारे दोन लाख असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत सुमारे पंचवीस लाखांवर गेली. एवढ्या फौजेच्या दळणवळणासाठी वाहने प्रामुख्याने अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथून आली. अमेरिकेच्या जी.एम.सी. कंपनीची अडीच टनी, दहा चाकी मालमोटार युद्धकाळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. कॅनडात फोर्ड व शेव्हरोले यांनी ठरावीक लष्करी नमुन्यानुसार बनवलेल्या मालमोटारींची संख्याही चार लाखांच्या पुढे गेली. मुंबई हे या पुरवठ्याचे एक मोठे केंद्र होते. जनरल मोटर्सचा शिवडी येथील जुळणी कारखाना १९२८ पासून चालू होता आणि फोर्ड कंपनीचीही जुळणीची व्यवस्था मुंबईत होती.

युद्ध संपल्यावर १६ मे १९४६ रोजी अमेरिका व हिंदुस्थान सरकार यांच्यात उसनवार-पट्टा व्यवहाराच्या मिटवणुकीचा करार झाला. या करारान्वये अमेरिकेची येथे उरलेली बरीच युद्धसामग्री हिंदुस्थान सरकारकडे आली. तिची विल्हेवाट लावण्यासाठी मध्यवर्ती सरकारचे स्वतंत्र खाते काम पाहत होते. पुढे १९५१ साली पुरवठा व विल्हेवाट ही दोन्ही कामे एकाच महासंचालनालयाकडे सोपवण्यात आली. हे महासंचालनालय २०१७ साली बंद झाले.

या मालमोटारींना मागणी का होती, हे समजण्यासाठी युद्धकाळातील टंचाई ध्यानात घ्यावी लागते. नागरी वापरासाठी नव्या गाड्यांची आयात जवळजवळ थांबली होती. पेट्रोलचे नियंत्रण असल्याने अनेक मोटारी मागे भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवर चालवल्या जात. टायर व सुटे भाग मिळणे कठीण झाले होते. देशी कारखानदारीही बाल्यावस्थेत होती. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ सालची, तर टाटांच्या 'टेल्को'चा डाइम्लर-बेंझशी मालमोटारींचा करार १९५४ सालचा. त्याच वर्षी फोर्ड व जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनी हिंदुस्थानातील जुळणीचे काम आवरले. १९४५ ते १९५४ या दशकात लष्करी लिलाव हा मालमोटार मिळवण्याचा एक महत्त्वाचा मार्ग का ठरला, याचे उत्तर या घटनाक्रमात आहे.

राजकीय सरहद्द : जंजिरा व भोर

१९४६ साली मुंबईहून कुलाबा किनाऱ्याकडे येणाऱ्या मालमोटारीचा खुष्कीचा मार्ग ठाणे, मुंब्रा, शीळ, पनवेल असा होता. पनवेलहून पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव व महाड असा रस्ता दक्षिणेकडे जात असे. महाडजवळ सावित्रीवर १९२८ साली बांधलेला पूल होता. हा संपूर्ण पट्टा मुंबई प्रांताच्या अखत्यारीत होता. मुख्य रस्ता सोडून समुद्राकडे वळताच मात्र परिस्थिती बदलत असे.

मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन हा प्रदेश सिद्दी नबाबाच्या जंजिरा संस्थानात मोडत होता. संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस मैल. माणगावहून श्रीवर्धनला जाणारी गाडी म्हसळ्याच्या बाजूस संस्थानी हद्दीत शिरत असे. रोह्याकडून मुरूडला जाणाऱ्या गाडीलाही ही हद्द ओलांडणे भाग होते. दुसरीकडे पाली व सुधागड हा मुलूख भोर संस्थानाचा होता. त्यामुळे पुण्याकडील लष्करी भागातून निघालेली गाडी बोरघाट उतरून खोपोलीवरून पालीमार्गे आणली, अथवा भोरवरून वरंधा घाटाने महाडला उतरवली, तरी दोन्ही वाटांवर तिला भोर संस्थानाचा मुलूख लागे. म्हणजे पुण्याहून पालीमार्गे मुरूडला जाणारी एखादी गाडी मुंबई प्रांत, भोर, पुन्हा मुंबई प्रांत आणि शेवटी जंजिरा अशा चार टप्प्यांतून प्रवास करीत होती. नकाशावर हे अंतर थोडे दिसते, पण तेवढ्या अंतरात अंमलबजावणी करणारे सरकार तीनदा बदलत होते.

१९३९ चा मोटार वाहन कायदा मुळात ब्रिटिश हिंदुस्थानापुरता लागू होता. संस्थानी हद्दीत संस्थानाचा अंमल आणि संस्थानाची वसुली चाले. दोन्हीकडील नोंदणी व कर यांचा मेळ परस्पर मान्यतेवर अवलंबून असे. म्हणून संस्थानी प्रजाजनाने प्रांतात घेतलेली गाडी घरी नेणे हा व्यवहार केवळ खरेदी-विक्रीचा राहत नव्हता.

ही सरहद्द फार काळ टिकली नाही. १९४८ च्या आरंभी जंजिरा संस्थानात नानासाहेब पुरोहित आदींच्या नेतृत्वाखाली प्रजेचा उठाव झाला. मोहन धारिया यांच्यासारखे महाड परिसरातील तरुण कार्यकर्तेही त्या लढ्यात उतरले. त्याच वर्षी जंजिरा व भोर ही दोन्ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. मालमोटारीच्या वाटेवरील तीन सीमांपैकी पहिली सीमा अशा रीतीने अल्पकाळात नाहीशी झाली.

कागदाची सरहद्द

लष्करी वाहनाला नागरी नोंदणी नसते. त्याच्यावर लष्कराचा क्रमांक असतो व त्याची नोंद लष्कराच्या दप्तरात असते. लिलावात विक्री होताच तो क्रमांक निरुपयोगी होतो. आगाराच्या फाटकाबाहेर आलेली मालमोटार काही काळ लष्कराचीही नसते आणि नागरी नोंदवहीतही तिचे नाव नसते. तिचे संपूर्ण अस्तित्व विक्रीच्या पावतीवर व आगाराच्या सुटकापत्रावर उभे असते.

ही त्रिशंकू अवस्था कायद्याने अपेक्षिलेली होती. १९३९ च्या कायद्याच्या २५ व्या कलमात तात्पुरत्या नोंदणीची सोय होती व तिची मुदत एका महिन्याहून अधिक नव्हती. या मुदतीत गाडी आपल्या मुक्कामी नेऊन तपासणीस हजर करायची व कायम नोंदणी मिळवायची, असा क्रम होता. पुढे १९८८ च्या कायद्यातही हीच कल्पना कायम राहिली. त्या कायद्याच्या ६६ व्या कलमानुसार, तात्पुरती नोंदणी झालेले वाहतुकीचे वाहन नोंदणीसाठी जात असता त्याला परवान्याची गरज नसते. मात्र त्यासाठी ते वाहन रिकामे असले पाहिजे. या अटीचा अर्थ व्यापाऱ्याच्या दृष्टीने स्पष्ट आहे. भांडवल गुंतवून घेतलेल्या मालमोटारीची पहिली फेरी ही केवळ खर्चाची फेरी असते.

नोंदणीनंतर परवान्याचा प्रश्न येत असे. नोंदणी गाडीला ओळख देते, तर परवाना तिला उत्पन्न मिळवू देतो. १९३९ च्या कायद्याच्या ६३ व्या कलमान्वये एका विभागाच्या प्राधिकरणाने दिलेला परवाना दुसऱ्या विभागात प्रतिस्वाक्षरीशिवाय चालत नसे. म्हणून संस्थानी सरहद्द पुसली गेल्यावरही विभागाची व प्रांताची हद्द मालमोटारीपुढे उभीच राहिली. राजकीय नकाशा १९४८ साली बदलला, पण परवान्याचा नकाशा त्याच वेळी बदलला असे म्हणता येत नाही.

वाहनाच्या रचनेमुळे उद्भवणारी अडचणही येथे नोंदवणे आवश्यक आहे. अमेरिकी मालमोटारींचे सुकाणू डाव्या बाजूस, तर कॅनडाहून ब्रिटिश साम्राज्यासाठी आलेल्या मालमोटारींचे उजव्या बाजूस होते. हिंदुस्थानात वाहने डाव्या बाजूने चालतात. डाव्या सुकाणूच्या गाडीतील चालकाला पुढील बैलगाडीस ओलांडताना समोरचा रस्ता दिसत नाही आणि त्याने केलेला हाताचा इशारा मागच्याला दिसत नाही. १९८८ च्या कायद्यातील १२० वे कलम अशा वाहनास यांत्रिक अथवा विद्युत इशाऱ्याची साधने सक्तीची करते, यावरून या प्रश्नाचे दीर्घकालीन स्वरूप लक्षात येते. कोकणातील अरुंद व वळणांच्या रस्त्यांवर उजव्या सुकाणूची गाडी अधिक सोयीची होती, हे उघड आहे.

पाण्याची सरहद्द

कुलाबा किनाऱ्यावर तिसरी सीमा सर्वांत कठीण होती. पेणहून अलिबागकडे जाताना धरमतरची खाडी, अलिबाग व मुरूड यांच्यामध्ये रेवदंड्याजवळ कुंडलिकेची खाडी, मुरूड व श्रीवर्धन यांच्यामध्ये राजपुरीची खाडी आणि जिल्ह्याच्या दक्षिण टोकास बाणकोटची खाडी आडवी येते. पूल होण्यापूर्वी या ठिकाणी तरीवाचून पर्याय नव्हता. या तरी माणसे, जनावरे व ओझी नेण्याच्या हिशेबाने चालत. अडीच टनी लष्करी मालमोटारीचे रिकाम्या अवस्थेतील वजनच चार-पाच टनांच्या घरात असे. दोन होड्या जोडून त्यांवर फळ्यांचा तळ केला तरी भरती-ओहोटीची वेळ, धक्क्याचा उतार आणि वारा यांवर सर्व अवलंबून राही. रेवदंडा व मुरूड यांच्यात सरळ अंतर अल्प असूनही गाडीला रोह्यावरून वळसा घ्यावा लागे, तो यामुळेच.

पावसाळ्यात ही अडचण दुणावत असे. किनाऱ्यावर वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खारेपाटातील रस्ते चिखलाचे होत व लहान बंदरांतील वाहतूक थंडावत असे. जलमार्ग धोक्याचा असूनही लोकांना तोच धरावा लागे, याचे दारुण उदाहरण म्हणजे 'रामदास' बोटीचा अपघात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर घडलेली ही घटना अलिबाग परिसराच्या स्मृतीत खोल रुजली आहे. मुंबईच्या नजरेच्या टप्प्यातील या किनाऱ्याला खुष्कीचा सुरक्षित व जवळचा मार्ग नव्हता, ही वस्तुस्थिती या अपघाताने अधोरेखित केली.

या पार्श्वभूमीवर मालमोटारीने जलवाहतुकीची जागा घेतली असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. पेण, उरण व अलिबाग येथील मिठागरे, भातशेती, श्रीवर्धनची सुपारी आणि किनाऱ्यावरील मासळी हा माल पूर्वीपासून बंदरावाटे मुंबईला जात होता. खाड्यांवर पूल नसताना मालमोटारीचा किफायतशीर उपयोग गाव ते बंदर आणि गाव ते रेल्वेस्थानक एवढ्याच टप्प्यात संभवत होता. चारही चाकांना वा दहाही चाकांना जोर देणारी, वाळवंटापासून ब्रह्मदेशाच्या अरण्यापर्यंत कोठेही जाण्यासाठी बनवलेली गाडी या किनाऱ्यावर दोन खाड्यांमधल्या पट्ट्यात बंदिस्त होत होती. म्हणून तिला गलबताची प्रतिस्पर्धी न मानता गलबताला माल पुरवणारी मदतनीस मानणे अधिक सयुक्तिक होईल.

चालक व मालक

मालमोटारीबरोबर लष्कराने समाजाला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे मोटार चालवू व दुरुस्त करू शकणारा माणूस. युद्धकाळात हजारो तरुणांना लष्करी सेवेत चालकाचे व कारागिराचे शिक्षण मिळाले. सैन्यकपातीनंतर हे लोक गावी परतले. कोकणातून, विशेषतः महाड परिसरातून, लष्करात जाण्याची परंपरा जुनी आहे. १९४१ साली महार रेजिमेंटची पुनःस्थापना झाल्याने ज्यांना पूर्वी लष्कराची दारे बंद झाली होती, त्यांनाही ती पुन्हा उघडली. मद्रास प्रांतात माजी सैनिकांच्या सहकारी मोटार-वाहतूक संस्था निघाल्या. लष्करी कौशल्याचे नागरी उपजीविकेत रूपांतर करण्याचा तो प्रयत्न होता.

मात्र कौशल्य व भांडवल एकाच हाती नव्हते. लिलावात बोली लावण्यासाठी रोख रक्कम लागे आणि गाडी चालवण्यासाठी हात लागत. गाडी व्यापाऱ्याची आणि हात परतलेल्या सैनिकाचा, असा हा संबंध होता. संस्थानी सरहद्दीवर, आरटीओ कचेरीत व तरीच्या धक्क्यावर प्रत्यक्ष उभा राहणारा माणूस चालकच होता. कागदपत्रांत मात्र मालकाचे नाव राहिले. वाहतुकीचा इतिहास मालकांच्या नोंदींवरून लिहिला जातो तेव्हा चालकाचा हा अनुभव निसटतो.

१ जून १९४८ रोजी पुणे ते तेव्हाचे अहमदनगर या मार्गावर सरकारी एस.टी. सुरू झाली आणि पुढे प्रवासी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण टप्प्याटप्प्याने झाले. त्यामुळे लष्करी गाडीच्या सांगाड्यावर बसची पेटी चढवून प्रवासी नेण्याचा पर्याय खाजगी मालकांसाठी आकुंचित झाला. मालवाहतूक मात्र खाजगी हातीच राहिली. डिस्पोजलच्या गाडीचे भवितव्य प्रवाशांऐवजी मालाशी जोडले गेले, त्यामागे हे धोरणात्मक कारण होते.

उत्तरकाळ

१९५४ नंतर देशी मालमोटारी उपलब्ध होऊ लागल्या व परदेशी लष्करी गाड्यांचे महत्त्व ओसरले. लष्करी वाहनांच्या लिलावाची प्रथा मात्र पुढेही राहिली. जबलपूर येथे १९५९ पासून जर्मन 'मान' कंपनीच्या सहकार्याने शक्तिमान मालमोटार तयार होऊ लागली व १९६९ साली तेथे स्वतंत्र वाहन निर्माणी उभी राहिली. मध्य प्रदेशातील आगारात लिलावात घेतलेली अशी गाडी महाराष्ट्रात आणणाऱ्यासमोर संस्थानांऐवजी राज्यांची सरहद्द होती. १९८८ च्या कायद्याच्या ६० व्या कलमाने लष्करी वाहनांच्या नोंदणीची वेगळी तरतूद केली. वाहनाचा संरक्षणासाठी होणारा उपयोग संपताच त्याला सर्वसाधारण नोंदणीचे नियम लागू होतात, असेही त्यात म्हटले आहे. १९४६ मधील त्रिशंकू अवस्थेची ही वैधानिक कबुली मानता येईल.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे तपासणी नाके बंद झाले. त्यानंतर १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांचे नोंदणी-नूतनीकरण थांबवण्यात आले व ती अधिकृत मोडणी केंद्रांकडे पाठवण्याचे धोरण आले. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामगिरीवरील विशेष वाहने त्यातून वगळलेली आहेत. तथापि जुन्या सरकारी गाडीला रस्त्यावर दुसरे आयुष्य देण्याऐवजी तिचे भंगार करावे, ही दिशा स्पष्ट आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. कुलाबा किनाऱ्यावर राजकीय सरहद्द ही तीन सीमांपैकी सर्वांत आधी, म्हणजे १९४८ साली, नष्ट झाली. कागदाची सीमा रूप बदलत दीर्घकाळ टिकली आणि पाण्याची सीमा सर्वांत शेवटपर्यंत राहिली. त्यामुळे संस्थानाचे विलीनीकरण व प्रदेशाचे एकत्रीकरण या एकाच तारखेच्या घटना मानता येत नाहीत.

२. लष्करी मालमोटारीने या किनाऱ्यावरील जलवाहतूक तत्काळ संपुष्टात आणली, असे मानण्यास भौगोलिक परिस्थितीचा आधार मिळत नाही. दोन्ही साधने दीर्घकाळ परस्परपूरक राहिली. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहने नेणारी रो-रो सेवा सुरू झाली, हे या परस्परपूरकतेचे अलीकडील रूप होय.

३. या संक्रमणाचा खरा साक्षीदार लष्करातून परतलेला चालक आहे. त्याचे सेवामुक्ती प्रमाणपत्र, जुनी नोंदणी पुस्तके, परवाने व लिलावाच्या पावत्या यांना शासकीय दप्तरात सहसा कायम स्थान मिळत नाही. असे कागद घरांतील पेट्यांमध्ये असतात आणि घर पाडताना वा नव्याने बांधताना नाहीसे होतात. किनाऱ्यावरील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यात या कागदांच्या छायाप्रती व वृद्धांच्या मुलाखती यांचा समावेश केला, तर एक मोलाचे साधन वाचेल. त्या पिढीतील फार थोडी माणसे आता हयात असल्याने हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

शिवडीच्या कारखान्यात १९२८ पासून मोटारी जुळवल्या जात होत्या. त्यांतील एखादी समोर दिसणाऱ्या उरणच्या किनाऱ्याला न्यायची असेल, तर ठाणे व पनवेलचा मोठा वळसा घ्यावा लागे. १२ जानेवारी २०२४ रोजी त्याच शिवडीपासून न्हावा-शेवापर्यंत जाणारा २१.८ किलोमीटर लांबीचा सागरी सेतू खुला झाला. जंजिरा संस्थानाची हद्द पुसली गेल्यानंतर पंचाहत्तर वर्षे उलटली होती. राज्यांच्या सीमा करारपत्राने मिटतात, परंतु प्रदेश जोडला जाण्यास त्याहून फार अधिक काळ लागतो, हे कुलाबा किनाऱ्याच्या वाहतूक-इतिहासाचे सार आहे.